भाच्याकडून मागवू की पुण्यात घेऊ? (कॅनन आर७ + १००-४००)

उजनीकाठ (२७ नोव्हेंबर २०२३, दुपारी)

मंडळी जरा घाईत विचारतोय, सेल आज रात्री संपतो म्हणून. मी बारामतीला असतो, शाळेत शिकवतो, भिगवण आमच्यापासून पाऊण तासावर, त्यामुळे थंडीत रविवारी सकाळी पक्षी बघायला कुंभारगाव ठरलेलं. आतापर्यंत एक जुना डीएसएलआर कॅमेरा आणि ५५-२५० लेन्सवर भागवलं पण होडीवाला कितीही जवळ नेवो रोहित पक्षी फोटोत तांदळाएवढाच येतो. यंदा ठरवलंच, कॅनन आर७ कॅमेऱ्याची बॉडी आणि आरएफ १००-४०० लेन्स.

पुण्यातल्या दुकानात फोन केला, बॉडी १,२१,००० आणि लेन्स ५७,०००, म्हणजे १,७८,०००. आता बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत आहे, तो १६ डिसेंबरला येतोय. त्याने सेलमध्ये बॉडी १,२९९ आणि लेन्स ५९९ डॉलर दाखवली. ८३.३० ने धरलं तर १,५८,१०३. सरळ वीस हजार वाचतायत. त्यात अजून एक हाँगकाँगची वेबसाईट सापडली, तिथे नुसती बॉडी १,०२,००० ला घरपोच, "ड्युटी आम्ही भरू" असं ठळक लिहिलंय.

बायको म्हणते दुकानातून घ्या, मेहुणा म्हणतो येडा आहेस का, अमेरिकेतून मागव. तुम्ही सांगा.

टेलीलेन्स

हाँगकाँगवाल्याचा टॅब आधी बंद करा. बाकीचं रात्री सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

जर्सीचा_बाळ

मी पण जर्सीत, एडिसनला. भाच्याने तुम्हाला टॅक्सच्या आधीची किंमत सांगितलीय, इकडे दुकानात पाटीवर लिहिलेल्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो हो. जर्सीत ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, न्यूयॉर्क सिटीत ८.८७५. म्हणजे १,८९८ चे झाले २,०२४ डॉलर, साधारण १,६८,५०० रुपये. वीस हजारातले दहा इथेच गेले.

बाकी घ्यायचाच असेल तर भाच्याला सांगा मॅनहॅटनला जा, नाइन्थ अ‍ॅव्हेन्यूवर ३४व्या रस्त्याजवळ बी अँड एच आहे, एकदा बघण्यासारखंच दुकान. डोक्यावरून पट्टे फिरत असतात आणि त्यावरून हिरव्या क्रेटमधून तुमचा माल काउंटरवर येतो. मालक कर्मठ ज्यू, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवार मावळेपर्यंत दुकान बंद, आणि गंमत म्हणजे तेवढा वेळ वेबसाईटसुद्धा ऑर्डर घेत नाही. मी पहिल्यांदा गेलो तो नेमका शनिवारी, एक तास ट्रेनने जाऊन कुलूप बघून आलो.

नाना_डोंबिवली

शनिवारी दुकान बंद ठेवून धंदा करतायत म्हणजे मानलं पाहिजे. आमच्या इथला एक ते चार बंद ठेवतो त्याला लोक नावं ठेवतात :)

मीरा_ठाणे

सर, हिशोब अजून संपलेला नाही. कस्टम्सचं कोणीच बोलत नाहीये.

भाचा विमानतळावर उतरेल तेव्हा त्याला सवलत ५०,००० रुपयांची, आत्ता २०२३ ला चालू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे. त्याच्यावर जो माल असेल त्यावर ३८.५ टक्के (३५ टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर १० टक्के सरचार्ज). लॅपटॉप एक वेगळा सुटतो, कॅमेरा सुटत नाही. आता बघा, १,६८,५७८ मधून ५०,००० वजा, उरले १,१८,५७८, त्याचे ३८.५ टक्के म्हणजे ४५,६५२. एकूण २,१४,२३०. पुण्यातल्या दुकानापेक्षा ३६ हजार जास्त!

आणि ते हाँगकाँग. कुरिअरने स्वतःसाठी म्हणून वस्तू मागवली की सगळं मिळून सध्या (२०२३) ७७.२८ टक्के लागतात, ड्युटी, सरचार्ज आणि या दोन्हीच्या वर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) २८ टक्के. १,०२,००० वर ७८,८२६ रुपये. "ड्युटी आम्ही भरू" म्हणणारा माणूस स्वतःच्या खिशातून ७८ हजार भरणार आहे का, एवढंच स्वतःला विचारा. एक तर तो भरणार नाही, नाहीतर कागदावर किंमत खोटी लिहिणार.

खवळलेला_मासा

मीराताई हे सगळं कागदावर ठीक आहे, प्रत्यक्षात कोण विचारतंय. खोका तिकडेच फेकून द्यायचा, कॅमेरा गळ्यात घालायचा, लेन्सला दोन बोटांचे ठसे उमटवायचे आणि ग्रीन चॅनेलमधून (ड्युटीचं काही नाही म्हणणाऱ्यांची वाट) शीळ घालत बाहेर. माझ्या साडूने तीन आणलेत असे

संपादक

ड्युटी चुकवायच्या युक्त्या इथे नकोत. यापुढचे असे प्रतिसाद उडवले जातील. साडूंना नमस्कार.

दुबईकर_मी

युक्तीचं सोडा पण त्यात तोटा काय आहे ते कोणी सांगत नाही. खोका फेकला, बिल फेकलं, मग दोन वर्षांनी विकायला काढलात की घेणारा पहिलं विचारतो बिल कुठंय. बिल नसलेल्या कॅमेऱ्याला आपल्याकडे निम्मी किंमत पण येत नाही, चोरीचा आहे का काय म्हणून लोक बघतात. चोरीला गेल्यावर सिरीयल नंबर पोलिसात द्यायचा झाला तरी तो खोक्यावर बघता येतो.

आणि उलटं पण लक्षात ठेवा, इथे घेतलेला महागडा कॅमेरा घेऊन परदेशात जाणार असाल तर जाताना कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, सिरीयल नंबरसकट. नाहीतर येताना हा तुमचाच हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. मी एकदा केलं नाही, अर्धा तास मोबाईलमधे जुने फोटो दाखवत बसलो की हे बघा साहेब, हा गणपतीतला फोटो याच कॅमेऱ्याचा.

दुबईचं म्हणाल तर इथे व्हॅट फक्त ५ टक्के आणि टुरिस्टला त्यातला बराचसा विमानतळावर परत मिळतो, त्यामुळे पूर्वी लोक बर दुबईतून पिशव्या भरून न्यायचे. आता भारतातल्या किमती इतक्या जवळ आल्यात की मी स्वतः गेल्या वेळी ठाण्यात घेतला.

लंडनचा_पाऊस

इकडचा विचारच करू नका. २० टक्के व्हॅट किमतीतच धरलेला आणि १ जानेवारी २०२१ पासून पर्यटकांना तो परत मिळणं पण बंद. आमच्याकडे आलेले पाहुणे अजून विचारतात "रिफंडचा फॉर्म कुठे मिळेल" म्हणून.

नाना_डोंबिवली

हे वाचून हसू येतंय. आमच्या लहानपणी प्रश्नच नव्हता, घरात आग्फा क्लिक थ्री, १२० चा रोल, बारा फोटो, आणि ते बारा पण दोन लग्नांना पुरवायचे. चांगला कॅमेरा म्हणजे कोणीतरी आखातातून आणणार तेव्हा. आमचे शेजारी मस्कतहून आले की बॅगांवर कस्टमवाल्यांनी मारलेली खडूची फुली असायची आणि आम्ही पोरं ती फुली बघायला जायचो. त्यांच्या याशिकाला हात लावायला रांग. तेव्हा "बाहेरून आणलेला" म्हणजे चांगला, हे जे डोक्यात बसलं ते तुमच्या मेहुण्याच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही असं दिसतंय.

उजनीकाठ

मेहुण्याला हा प्रतिसाद पाठवला. त्याने अंगठा दाखवलाय, कुठला ते सांगत नाही.

मीराताई खरंच आभार, सेल्स टॅक्स आणि कस्टम दोन्ही माझ्या डोक्यातच नव्हतं. पण एक शंका, दुकानदार ५७,००० सांगतोय ती लेन्स तिकडे ५९९ ला. नुसती लेन्स आणली तर?

मीरा_ठाणे

५९९ अधिक टॅक्स, ६३८.६८ डॉलर, ८३.३० ने ५३,२०२. सवलतीच्या वर ३,२०२, त्यावर १,२३३. म्हणजे ५४,४३५. तुमचे वाचले २,५६५ रुपये. भाच्याने दुसरं काहीच आणलं नाही असं धरून, चॉकलेटं त्याच ५०,००० मध्ये येतात :) शिवाय लेन्सची वॉरंटी इथे चालेल की नाही ते आधी कंपनीला विचारा.

टेलीलेन्स

आलो. माझी कहाणी सांगतो, लांब आहे.

२०१९ ला मी अशाच एका वेबसाईटवरून बॉडी मागवली, नाव घेत नाही, तेव्हा दुकानापेक्षा २२ हजार स्वस्त होती. नऊ दिवसात येणार म्हणाले. नवव्या दिवशी कुरिअर कंपनीचा फोन, केवायसी पाठवा, आधार पाठवा. पाठवलं. मग कळलं की पार्सलवर त्यांनी लिहिलंय "यूज्ड कॅमेरा पार्ट्स, १२० डॉलर". कस्टमवाला काय दूधखुळा असतो का, त्याने पार्सल उघडलं, आत सीलबंद नवा कॅमेरा. अडकलं. मी इकडून मेल करतोय, तिकडून उत्तर येतंय "डिअर फ्रेंड प्लीज वेट". पाच आठवडे. शेवटी खरी किंमत लावून ड्युटी मीच भरली, पावती त्यांना पाठवली, अर्धे पैसे परत आले, उरलेल्या अर्ध्यांचं उत्तर अजून यायचंय. २२ हजारातले हातात राहिले चार.

बरं ते पण सोडा, कॅमेरा चालत होता छान. अकराव्या महिन्यात ताडोबात, पहिल्याच सफारीला, वाघ समोर आहे आणि शटर अर्ध्यात अडकलं. स्क्रीनवर एरर. बॅटरी काढा घाला, तेच. घरी येऊन सर्व्हिस सेंटरला नेला तर काउंटरवरच्या मुलीने पहिलं वाक्य काय बोलावं, "इंडिया बिल आहे का सर?" नाही म्हटल्यावर तिने कॅमेरा हातात पण घेतला नाही. वेबसाईटवाला म्हणे आमच्याकडे एक वर्षाची वॉरंटी आहे, हाँगकाँगला पाठवा, जायचा खर्च तुमचा. म्हणजे परत पाठवायचा, परत येताना परत कस्टम. हात जोडले.

शेवटी मुंबईला फोर्टात, बोरा बाजाराच्या बाजूला एक म्हातारे कारागीर आहेत त्यांच्याकडे गेलो. अंधारा लाकडी जिना, वर दहा बाय दहाची खोली, टेबलावर पांढरं फडकं आणि त्यावर काढलेले स्क्रू ते चिकटपट्टीवर ओळीने लावत होते, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने. मला म्हणाले, "बाहेरून मागवला ना? आमचं घर तुमच्यावरच चालतं." ७,८०० घेतले. म्हणजे चार वाचले होते ते गेले आणि वर तीन हजार आठशे अजून. वाघाचा फोटो नाहीच.

खवळलेला_मासा

वाघाचं वाईट वाटलं राव. बाकी सगळे प्रतिसाद उडवा माझे.

अकलूजचा_फोटोवाला

सर तुम्ही शिक्षक आहात म्हणजे तुमच्या उपयोगाचं नाही पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. माझा लग्नाच्या फोटोंचा धंदा आहे, जीएसटी नंबर आहे, मला इथलंच बिल लागतं. १,७८,००० मध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला, तो होतो २७,१५३ रुपये, तो मला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, म्हणजे मी भरायच्या जीएसटीतून वजा होतो. माझ्यासाठी कॅमेरा दीड लाखाचाच. (जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत असाल तर हे मिळत नाही.) १ जानेवारी २०१९ च्या आधी कॅमेऱ्यावर २८ टक्के होता तेव्हा बाहेरून आणायला लोक का पळायचे ते कळतं, १८ झाल्यापासून तो जोर राहिला नाही.

दुसरं म्हणजे लग्नाच्या तिथीच्या आदल्या दिवशी फ्लॅश मेला तर माझा दुकानदार रात्री साडेनऊला शटर अर्धं वर करून मला स्वतःचा डेमोचा फ्लॅश देतो, पैसे नंतर. वेबसाईटला रात्री साडेनऊला फोन लावून बघा.

टोकियोवारी

माझा पण एक किस्सा. मागच्या वर्षी जपानला गेलो, येन पडलेला, वर पासपोर्ट दाखवला की १० टक्के टॅक्स माफ, मग काय, सोनीचा कॅमेरा घेतला. हॉटेलवर येऊन चालू केला तर मेनू सगळा जपानी. म्हटलं सेटिंगमध्ये भाषा बदलू, भाषेचा पर्यायच नाही. जपानमधल्या लोकांसाठी विकतात त्या सोनीत फक्त जपानीच असते, टुरिस्टांसाठी वेगळं मॉडेल असतं आणि ते थोडं महाग असतं, मी स्वस्त बघून पहिलं उचललं. आता मी मोबाईल कॅमेऱ्यावर धरून भाषांतर बघत मेनू चालवतो. दोन पर्याय पाठ झालेत, फॉरमॅट आणि बंद कर.

दुबईकर_मी

फॉरमॅट पाठ झालंय म्हणजे मोठ्या किमतीत शिकला असणार.

टोकियोवारी

तो विषय नको.

जर्सीचा_बाळ

इकडे राहणाऱ्यांसाठी एक, अमेरिकेतली निकॉनची शाखा तर ग्रे मार्केटचा (अधिकृत विक्रेत्याला वळसा घालून आलेला) कॅमेरा पैसे देतो म्हटलं तरी दुरुस्तीला घेत नाही. वॉरंटी लांबच. म्हणजे हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही.

पाणथळ_प्रिया

तुम्ही सगळे कुठून घ्यायचा यावरच भांडताय, काय घ्यायचं ते कोणी बोलत नाहीये. मी आर७ वर्षभर वापरतेय, भिगवणलाच.

१००-४०० हलकी आहे, ६३५ ग्रॅम, होडीत दिवसभर हातात धरून मनगट दुखत नाही, आणि आर७ च्या लहान सेन्सरमुळे (१.६ क्रॉप) ६४० सारखी पोच मिळते, हे सगळं खरं. पण ४०० ला ती एफ८ आहे, म्हणजे उजेड कमी घेते. सकाळी साडेसहाला कुंभारगावला पाण्यावर धुकं असतं तेव्हा एफ८ ला शटरचा वेग १/१००० हवा असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० च्या पुढेच जातो, दाणे दिसतात. आठनंतर प्रश्न नाही. दुसरं, इलेक्ट्रॉनिक शटरला सेकंदाला ३० फोटो म्हणून भुलू नका, सेन्सर हळू वाचतो त्यामुळे उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात, केळीच्या पानासारखे. मेकॅनिकलला १५ येतात, भरपूर झाले.

आणि स्वस्तातली दुसरी लेन्स नंतर घेऊ असं मनात असेल तर सिग्मा टॅमरॉनच्या या कॅमेऱ्याला बसणाऱ्या (आरएफ माउंटच्या) ऑटोफोकस लेन्स सध्या, २०२३ च्या नोव्हेंबरात, नाहीतच. अडॅप्टर लावून कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स चालतात, चांगल्या चालतात.

माझं म्हणणं, पुण्यात कॅमेरा भाड्याने मिळतो, एक शनिवार-रविवार घ्या, भिगवणला वापरा आणि मग ठरवा. दीड-दोन लाखाची वस्तू हातात न घेता सेल संपतोय म्हणून घेणं मला तर जमलं नसतं.

उजनीकाठ

प्रियाताई, हे दुकानदारानेही सांगितलं नव्हतं. आज रात्री काही घेत नाही, सेल गेला तर गेला. भाड्याने बघतो.

(भाच्याला कळवलं. तो म्हणाला मामा, सेल संपत नसतो, नाव बदलतं फक्त.)

नाना_डोंबिवली

भाचा शहाणा आहे. लग्न झालंय का?

उजनीकाठ (२६ डिसेंबर)

अपडेट द्यायचं राहिलं, माफी.

भाड्याने घेतला, दोन दिवस वापरला, पहाटेचे दाणे बघितले, पंख पण वाकवून बघितले. तरी आवडला. मग पुण्याला दुकानात गेलो, बायको बरोबर होती. दुकानदाराने लेन्स लावून दिली आणि म्हणाला दारात उभं राहून मारा काय मारायचं ते. समोरच्या तारेवर घार होती. मी मेनूत आय-डिटेक्शन (डोळ्यावर फोकस धरणारी सोय) शोधत बसलो तोवर बायकोने कॅमेरा घेतला आणि घार उडताना सात फोटो काढले, त्यातला एक इतका नितळ की दुकानातला पोऱ्या बघायला आला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की कॅमेरा कोणाचा होणार आहे.

बॉडी १,१८,५०० ला सुटली, वर १२८ जीबीचं कार्ड, पक्कं बिल. आर७ ची वॉरंटी समोर बसवून रजिस्टर करून घेतली.

आता लेन्सचं. भाच्याने तोपर्यंत घेऊन ठेवली होती, सेलचं खरंच नाव बदललं होतं. मीराताईंचा हिशोब मी त्याला पाठवलेला, तर पठ्ठ्या मुंबईला उतरल्यावर बिल हातात धरून रेड चॅनेलला, म्हणजे ड्युटी भरायच्या रांगेत, गेला. तिथल्या साहेबांनी बिल बघितलं, सवलत वजा केली, भाच्याकडे बघितलं, म्हणाले एवढ्यासाठी आलात? बाराशे चाळीसच्या आसपास काहीतरी भरून पावती घेतली, त्यात चाळीस मिनिटं गेली, आणि बाहेर मी गाडीच्या पार्किंगचे पैसे भरत उभा. ते धरले तर मी लेन्समध्ये काय वाचवलं ते विचारू नका.

काल नाताळची सुट्टी, पहाटे कुंभारगाव. रोहित कमी होते पण पट्टकादंब भरपूर, आणि हा बघा ऑस्प्रे, बायकोने काढलाय, ४०० ला, १/१२५०, आयएसओ ३२००.

मीरा_ठाणे

वा! पावती जपून ठेवा, विकताना लागेल.

टेलीलेन्स

अभिनंदन सर. वहिनींना सांगा फोकस अगदी डोळ्यावर आहे.

पाणथळ_प्रिया

फोटो झकास. फक्त हा ऑस्प्रे नाही हो, मार्श हॅरियर आहे. पोट बघा, ऑस्प्रेचं पांढरं असतं, हा सगळा तपकिरी आहे.

उजनीकाठ

बायको पहाटेपासून हेच सांगत होती.